पेठेतले सात वाडे पाडून एकच संकुल: मनपाने मंजुरी द्यावी का?

बुधवारातली

मंडईपासून पाच मिनिटांवर आमची गल्ली. शेजारशेजारचे सात वाडे एकत्र करून खाली दुकानं, त्यावर दोन मजले ऑफिसं आणि वर घरं असा प्रस्ताव एका बिल्डरने आणलाय. तो आता मनपाकडे छाननीला गेलाय आणि गल्लीत सरळ दोन तट पडलेत. म्हणून हा धागा. मी पाठिंब्याच्या बाजूची आहे, पण एका अटीवर. अट शेवटी सांगते.

आम्ही भाडेकरू. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. संडास खाली चौकात, सहा बिऱ्हाडांत दोन. रात्री तिला जायचं असलं की मी आधी जिन्यातला दिवा लावते, मग दोर धरून तिला एकेक पायरी उतरवते. जिन्याला कठडा नाही, म्हणून माझ्या आजोबांनी छतापासून दोर बांधलेला. तोच अजून आहे. मागच्या पावसाळ्यात माजघराच्या तुळईला टेकू दिला. भिंतीला हात लावला की ओली माती हाताला येते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, तेव्हा आमच्या वाड्याचं नाव यादीत आहे का, हे बघायला अख्खी गल्ली जमते. ज्यांना जुना पुणेरी वाडा फोटोत आवडतो त्यांनी एक जुलै तिथे राहून बघावा.

मिश्र वापर हा शब्द ऐकून काही जण दचकलेत. पण पेठेत दुसरं काय होतं? तपकीर गल्लीत खाली वायरी आणि पंखे, वर स्वयंपाक. अप्पा बळवंत चौकात खाली पुस्तकं, वर शिकवण्या. शहरानेच ही सवय लावली.

माझी अट अशी: प्रत्येक भाडेकरूची आणि गाळेधारकाची जागा मोजून, मनपाच्या सहीशिक्क्याची यादी आधी व्हावी. मग नकाशाला हात लावावा. मंजुरी मिळाल्यावर यादी करायची म्हटली तर नावं गळतात.

बोहरी आळीतला

ताई, तुमच्या आईंचा त्रास खरा आहे, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण माझी हरकत जाणार म्हणजे जाणार.

माझं दुकान नऊ फूट रुंद, चौदा फूट खोल. तिसरी पिढी. आजही शटर नाही, फळ्या आहेत. अकरा फळ्या, प्रत्येकीवर खडूने आकडा, कारण पाचवी सहाच्या जागी बसत नाही. सकाळी फळ्या निघाल्या की बादल्या, साखळ्या, बिजागऱ्या सगळं बाहेर टांगतो. गिऱ्हाईक चालता चालता बघतं, थांबतं, हात लावतं. माझा धंदा त्या नऊ फुटांवर आहे, आतल्या चौदांवर नाही.

नव्या संकुलात मला तेवढेच चौरस फूट देतील. कागदावर हिशोब बरोबर. पण रस्त्यावरचा दर्शनी गाळा मोठ्या ब्रँडला आणि मला आतल्या बोळात बावीस नंबर. तिथे कोण येणार साखळी विचारायला? शिवाय तीन वर्षं कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. प्लंबर आणि सुतार माझ्याकडून उधारीवर नेतात, शनिवारी मजुरी झाली की देतात. तीन वर्षांत ते दुसरीकडे लागणार आणि एकदा लागलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

आम्ही गाळा पागडीने घेतलेला. आजोबांनी आजीच्या पाटल्या विकून दिलेली पागडी, त्या काळच्या पद्धतीने बिनपावतीची. तुमच्या सहीशिक्क्याच्या यादीत ती कोणत्या रकान्यात लिहिणार?

मालकाच्या बाजूने

सगळे भाडेकरूंचं बोलतात, म्हणून दोन शब्द. माझ्या वाड्यात आठ बिऱ्हाडं, सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं सहाशेच्या आत. कौलं फिरवायला गेल्या वर्षी याच्या कित्येक पट खर्च आला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये. वाडा पडला तर गुन्हा माझ्यावर. मला हे सोडवून हवंय, आणि माझ्यासारखे इतर सहा मालकही याच मनःस्थितीत सह्या करून बसलेत.

नकाशावाला

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, पेठांत काम केलंय. इथे भावना दोन्ही बाजूंच्या खऱ्या आहेत, पण छाननीत नेमकं काय बघायला हवं ते कुणी बोलत नाहीये.

एकेकटा वाडा पाडला की काय होतं ते आधी बघा. दीडशे-दोनशे चौरस मीटरचा भूखंड. पार्किंग दिल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही, म्हणून तळमजला खांबांवर उभा करून गाड्यांना द्यावा लागतो. दुकान गेलं, ओटा गेला, रस्त्याकडे तोंड करून राहिला लोखंडी गेट. शनिवार-नारायण पेठेतल्या कित्येक गल्ल्या अशा मुक्या झाल्यात. बोहरी आळीतल्या दादांना ज्या नऊ फुटांची काळजी आहे, ते नऊ फूट एकेकट्या पुनर्विकासात तर आधीच जातात. सात वाडे एकत्र आले तर पार्किंग एका बाजूने तळघरात नेता येतं आणि उरलेली अख्खी दर्शनी बाजू दुकानांना ठेवता येते. ती ठेवायचीच, अशी अट मात्र परवानगीत लिहून घ्यावी लागते. बिल्डर आपणहून ठेवत नाही.

आता रस्ता. २०२० मध्ये स्थायी समितीने शहरातले ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचं ठरवलं तेव्हा वादळ उठलं होतं. मूळ कारण साधं: ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नव्हता, म्हणजे जास्तीचं बांधकाम चढत नव्हतं. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आतल्या पट्ट्यात एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) ४ पर्यंत जाऊ शकतो, पण तोही रस्ता रुंद आणि भूखंड मोठा असेल तरच. मंडईचं भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून सगळ्यांची नजर इथे आहे. त्यामुळे तुमच्या प्रस्तावात रस्तारुंदी किती दाखवलीय आणि ती जागा कोणत्या बाजूने घेतलीय, हे पहिलं तपासा. समोरच्या ओळीतल्या वाड्यांचे पुढचे दीड मीटर परस्पर धरलेले असतील तर त्यांना कळवलंय का?

तिसरं, पाणी आणि ड्रेनेज. पन्नास बिऱ्हाडांच्या जागी दीडशे घरं आणि वर ऑफिसं आली, तर गल्लीतली जुनी ड्रेनेज लाइन पुरणार का, हे मोजूनच ठरवावं लागतं. आणि अग्निशमन दलाचा बंब त्या वळणावर वळतो का, हे कागदावर न बघता एकदा बंब आणून बघावं.

शनिवारवाड्याजवळच्या लोकांना यातलं काहीच उपयोगाचं नाही. स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. तिथले वाडे पडायला आलेत आणि बांधताही येत नाहीत. तुम्ही त्या वर्तुळाबाहेर आहात, हे तुमचं नशीब समजा.

सदाशिव पेठी

माझा विरोध इमारतीला नाही, पद्धतीला आहे.

या शहराने २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर ८७ हजारांहून जास्त हरकती-सूचना दिल्या. एवढ्या लोकांनी कागद लिहिले, रांगेत उभे राहिले. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच मनपाच्या हातातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासक. स्थायी समितीही तोच, मुख्य सभाही तोच. विचारायला नगरसेवक नव्हता. अशा सवयी लागलेल्या यंत्रणेपुढे तुमची "अट" किती टिकेल?

दुसरं, अशा प्रकल्पांसाठी आरक्षण किंवा रस्ता बदलायचा असला की एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ ने फेरबदल करतात. एक महिन्याची नोटीस, हरकती, सुनावणी, मग सरकारची मंजुरी. पण कलम ३७ हे किरकोळ फेरबदलांसाठी आहे, आराखड्याचं मूळ रूप बदलत नसेल तेव्हाचं. एका गल्लीचा फेरबदल किरकोळ, दुसऱ्या गल्लीचाही किरकोळ, आणि दहा वर्षांनी पेठच दुसरी. ती बेरीज कुणी करायची?

आणि मंडईचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. ज्या मंडईशेजारी हे चाललंय, ती बांधायचा विषय पुणे नगरपालिकेपुढे आला तेव्हा तिच्या खर्चाला विरोध करणारे सभासद होते महात्मा फुले. पैसा बाजारापेक्षा शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. हरले. १८८६ मध्ये इमारत रे मार्केट म्हणून उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिलाच फुल्यांचं नाव मिळालं. सभागृहात नोंदवलेला विरोध वाया जात नाही. म्हणून मी म्हणतो, हरकत लिहा, पाठिंब्याचं पत्र देऊ नका.

बुधवारातली

सदाशिव पेठी, हाच दाखला मला उलटा दिसतो. फुले हरले, पण मंडई उभी राहिली आणि आज तिथल्या गाळ्यांवर माझ्यासारख्या हजारो घरांची भाजी येते. त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा होता, की यातून गरिबाला काय मिळणार? तो प्रश्न मीही विचारतेय. पण तो विचारून थांबले तर आईला दोर धरून उतरावंच लागणार.

ती बेरीज कुणी करायची, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा तो मुद्दा मी पत्रात घेते.

गिरगावातून

मुंबईचं सांगतो, कारण आम्ही दोन्ही टोकं बघितलीत. भेंडी बाजारात समूह पुनर्विकासासाठी २००९ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३२०० कुटुंबं आणि १२५० दुकानं. दुकानदार तिथेही घाबरले होते, आणि पहिले दोन मनोरे ताब्यात यायला दशकभर लागलं. पण त्याच योजनेतली पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी कोसळली. ३३ माणसं गेली. काही कुटुंबं आधीच हललेली होती, काही राहिलेली.

हा दाखला दोन्ही बाजू वापरतात. एक म्हणते बघा, उशीर केला म्हणून मेले. दुसरी म्हणते बघा, योजना कागदावर असूनही वाचले नाहीत. मला त्यातून एवढंच कळलं, की छाननी चालू असतानाही भिंत थांबत नाही. तुमची गल्ली पाठिंबा देवो की हरकत, टेकू दिलेल्या खोलीतून आईंना या पावसाळ्याआधी हलवा. बाकी सगळं नंतर.

बोहरी आळीतला

गिरगावच्या दादांचं पटलं. ताई, माझ्या मेहुण्याची सिंहगड रोडला एक खोली रिकामी आहे, तळमजल्याची. फोन करतो त्याला.

पण हलणं आणि परत येणं यात फरक आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. माझे चुलत आजोबा तेव्हा तात्पुरतं म्हणून गोखलेनगरला गेले ते तिथलेच झाले. तात्पुरतं हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून कुणी वापरत नाही. मला करारात तारीख हवी, मोडली तर दरमहा भाडं हवं, आणि ते पैसे आधीच बँकेत ठेवलेले हवेत. बिल्डरचा शब्द नको.

नकाशावाला

बँक गॅरंटी म्हणा त्याला. मागता येते. आणि दर्शनी बाजूचा मुद्दा असा लिहा: "सध्या रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक गाळ्याला नव्या इमारतीतही रस्त्याला लागूनच, आणि आताच्या रुंदीपेक्षा कमी नाही एवढा गाळा." चौरस फुटांवर थांबू नका. रुंदी लिहा.

मालकाच्या बाजूने

एवढ्या अटी घातल्या तर बिल्डर पळून जाईल आणि आपण पुन्हा टेकूवर. आमचे दोन प्रस्ताव असेच गेलेत, दहा वर्षांत. याचाही विचार करा.

बुधवारातली

काका, तुमची भीती मला आहेच. म्हणून चौदा मागण्या नकोत, तीनच ठेवू: यादी, गाळ्याची रुंदी, बँक गॅरंटी. तेवढ्यावर जो पळेल तो बांधकाम अर्धवट सोडूनही पळाला असता.

रविवारी सकाळी मी आणि वरच्या बिऱ्हाडातली दोन मुलं सातही वाड्यांत फिरणार आहोत. प्रत्येक खोली, प्रत्येक गाळा मोजायचा, राहणाऱ्याची सही घ्यायची, फोटो काढायचा. मनपाची यादी होईल तेव्हा होईल, आपली आधी तयार असावी. बोहरी आळीतले दादा, पागडीसाठी वेगळा रकाना केलाय. कागद नसेल तर शेजारच्या दोन दुकानदारांची साक्ष. तुमच्याकडे कधी येऊ?

बोहरी आळीतला

साडेआठला या, फळ्या काढायच्या आधी. फळ्या लावलेल्या असताना रुंदी नीट मोजता येते. टेप माझ्याकडे आहे, तीस मीटरचा, लोखंडी. तुमच्या यादीवर सही करतो. मनपात मात्र माझा कागद हरकतीचाच जाईल.