टर्नटेबलच्या मॅटला मराठीत काय म्हणायचं?

टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर, रेकॉर्डखाली जे रबराचं नाहीतर फेल्टचं गोल अंथरतात त्याला मराठीत काय म्हणावं? आणि त्याखालच्या फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे प्लॅटरला? आमच्याकडे 'खालची थाळी' म्हणतात, पटत नाही. शिवाय मॅट बदलली की आवाज 'खुलतो' असं सगळे सांगतात, म्हणजे नक्की काय होतं?

—

प्लॅटरला तबक म्हणा की! रेकॉर्डला आपण तबकडी म्हणतच आलोय, मग ती ज्याच्यावर बसते ते तबक, पानसुपारीचं असतं तसंच, फक्त फिरणारं. मॅटला बैठक म्हणावं. चटई नको, ती विणलेली असते.

—

तबक एकदम मान्य. पण पुण्यात बैठक म्हटलं की गाण्याचीच आठवते हो, 'बैठक बदलली' म्हणालात तर लोक विचारतील कुठे ठेवली. मी तबकाचं अस्तर म्हणेन.

आता 'खुलणं'. सुई खाचेतून जाताना रेकॉर्डही थरथरते, ती थरथर खाली तबकात उतरते आणि तबक पत्र्याचं किंवा पातळ ओतीव अॅल्युमिनियमचं असेल तर ते स्वतःच वाजायला लागतं. अस्तर काढून रिकाम्या तबकाच्या कडेला नखाने टिचकी मारा, टण्ण असा लांबत जाणारा आवाज आला तर रबर हवंच, रबर टाकून परत मारा, बद्द येईल. तबक मुळातच जड काचेचं असेल तर पातळ फेल्ट पुरतं, पण पुण्याच्या कोरड्या थंडीत फेल्ट स्टॅटिकने (स्थिर विजेने) रेकॉर्डला चिकटून तिच्याबरोबर वर येतं, भयंकर वैताग. बुचाच्या अस्तराला, म्हणजे कॉर्कच्या, तो त्रास कमी. (पुण्यात बोहरी आळीच्या बाजारात घ्यायला गेलात तर कॉर्क शीट मागा, बूच म्हटलं तर बाटलीचं दाखवतील.)

आणि माझं स्पष्ट मत, 'खुलला' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा अस्तराच्या मटेरियलपेक्षा जाडीच बोलत असते. ५ मिमीचं रबर काढून १ मिमीचं फेल्ट टाकलं की रेकॉर्ड ४ मिमी खाली गेली, टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची, मागची बाजू तेवढी वर राहिली, सुईचा कोन बदलला, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फेल्टची कमाल! आधी आर्मची उंची परत लावा, मग तानपुरा नीट ऐकू येईल अशी एखादी ख्यालाची रेकॉर्ड लावून ठरवा. तानपुऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लवकर मेली तर आवाज दबला म्हणायचं, नुसता गुबगुबीत झाला तर बोदा.

—

अस्तर आवडलं, हेच वापरणार. स्लिपमॅट मात्र वेगळी ठेवा. तबक खाली फिरत असताना डीजेला रेकॉर्ड हाताने धरून ठेवता यावी म्हणून ती मुद्दाम घसरती असते, आणि घरच्या अस्तराने तर रेकॉर्ड पकडायला हवी. विकताना दोन्हीला मॅटच म्हणतात, म्हणून ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर रबरीच यायची, डीजे लोक नंतर ती काढून आपलं फेल्ट टाकायचे. स्लिपमॅटला 'सरकतं अस्तर' चालेल का?

—

चालेल. 'घसरतं' नको, ऐकूनच सुई घसरल्यासारखं वाटतं.