मदत हवी आहे: फोटोंचं आपोआप क्लाउडवर चढणं बंद करायचंय (फोन, आयपॅड, विंडोज लॅपटॉप)

उंबरठा:
अँड्रॉइड फोनवर गुगल फोटोज आहे. आयपॅडवर आयक्लाउड फोटोज चालू आहे, शिवाय त्याच गुगल खात्याने गुगल फोटोजही आहे. विंडोज ११च्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह आहे. गुगलची १५ जीबी जागा भरत आली आहे, आयक्लाउडची ५ जीबी केव्हाच भरली. यापुढे कुठलाच फोटो आपोआप वर जायला नको. प्रश्न असे:

फोनवर बॅकअप बंद केला तर आधी चढलेले फोटो जातात की राहतात? नंतर क्लाउडवरचे उडवले तर फोनमधले सुरक्षित राहतील ना? फोनवरचे फोटो आयपॅडवर दिसू नयेत म्हणून काय करायचं? आणि लॅपटॉपवरचं 'पिक्चर्स' फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात गेलंय, ते बाहेर कसं काढायचं? की सरळ अ‍ॅप्सच काढून टाकली तर भागेल?

तारकाटा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही भागणार. अ‍ॅप काढणं आणि बॅकअप बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅप काढल्याने क्लाउडवरचा एकही फोटो हलत नाही, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर गुगल फोटोज पूर्ण निघतही नाही, फक्त डिसेबल होतं. आधी स्विच बंद, मग अ‍ॅपचं काय ते.

फोनवर: गुगल फोटोज उघडा, वर उजवीकडे तुमच्या खात्याच्या गोलावर टॅप, मग 'फोटोज सेटिंग्ज', 'बॅकअप', आणि सगळ्यात वरचा स्विच बंद. हा स्विच त्या एका उपकरणापुरता असतो. आयपॅडवरचा वेगळा, तो तिथे जाऊनच बंद करावा लागेल. फोनच्या सेटिंग्जमधला खात्यांचा 'ऑटो सिंक' म्हणजे हा स्विच नव्हे, त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी चढलेले फोटो जागच्या जागी राहतात. स्विच फक्त पुढची वाहतूक थांबवतो.

आता दुसरा प्रश्न, आणि बहुतेकांचे फोटो इथेच जातात. बॅकअप बंद असला तरी डिलीट दोन्हीकडे लागू होतं. फोनवरच्या गुगल फोटोजमध्ये एखादा चढलेला फोटो उडवलात की क्लाउडची प्रत आणि फोनमधली प्रत दोन्ही ट्रॅशमध्ये जातात. अ‍ॅपच्या दृष्टीने तो एकच फोटो आहे, दोन जागी ठेवलेला. मेनूत 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' असतं, पण ते तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलटं करतं: फोनमधली प्रत उडवतं, क्लाउडची ठेवतं.

तुम्हाला हवं ते त्याच 'बॅकअप'च्या पानावर खाली सापडेल, 'अनडू बॅकअप फॉर धिस डिव्हाइस'. याने या फोनवरून चढलेले फोटो क्लाउडवरून जातात, फोनमधले राहतात आणि बॅकअपही बंद होतो. पण हे दाबण्याआधी एक खात्री करा. पूर्वी कधी 'फ्री अप स्पेस' वापरलं असेल तर तेव्हाच्या फोटोंची फोनमधली प्रत गेलेली आहे. अ‍ॅपमध्ये ते दिसतात, म्हणून माणूस फसतो.

तपासायची पद्धत अशी. फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद असल्याची खात्री करा आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे पाच-सहा फोटो उघडून बोटांनी मोठे करा. कपड्याची वीण, पाटीवरची अक्षरं स्पष्ट दिसली तर मूळ फोटो फोनमध्ये आहे. धुरकट राहिला आणि स्वच्छ होईचना, तर तुमच्याकडे नुसती छोटी प्रतिमा आहे, मूळ फोटो क्लाउडवर. फाइल मॅनेजरमध्ये 'डीसीआयएम', त्यात 'कॅमेरा' हे फोल्डर उघडूनही पाहा. तिथे फाइल नसेल तर इतर फोल्डरांतही शोधून घ्या, तिथेही नसेल तर फोनमध्ये नाही.

निळी शाई:
तारकाटांनी लिहिलंय त्यात थोडी भर. हे सगळं जागा मोकळी करण्यासाठी असेल तर जुने फोटो उडवण्याआधी तारीख पाहा. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी'मध्ये (फोटोचा आकार कमी करून साठवण्याचा तेव्हाचा पर्याय) चढलेले फोटो १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. ते उडवून एक एमबीही मोकळी होणार नाही. आणि ती १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे, त्यामुळे कधीकधी खरा अपराधी मोठ्या अटॅचमेंटची मेल असते.

आता आयपॅड. तिथे दोन नळ आहेत, दोन्ही वेगवेगळे बंद करायचे.

पहिला आयक्लाउडचा. सेटिंग्ज, वर स्वतःचं नाव, आयक्लाउड, फोटोज. तिथे 'सिंक धिस आयपॅड' असा स्विच आहे. पण त्याला हात लावण्याआधी खाली 'ऑप्टिमाइज आयपॅड स्टोरेज'वर खूण आहे का ते बघा. असेल तर आयपॅडवर बऱ्याच फोटोंच्या फक्त लहान प्रती असतात. आधी 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' निवडा, वाय-फाय आणि चार्जर लावून ठेवा. फोटोज अ‍ॅपमध्ये डाउनलोड पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत थांबा. आयपॅडमध्ये तेवढी जागाच नसेल तर हे कधीच पूर्ण होणार नाही. मग संगणकावर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या.

त्यानंतर स्विच बंद केलात की तो विचारेल, आयपॅडवरून काढू की डाउनलोड करू? घाईत 'रिमूव्ह' दाबलं तरी क्लाउडवरचे फोटो राहतात, फक्त आयपॅड रिकामा होतो. याचं फार घाबरू नका.

घाबरायचं ते दुसऱ्या बटणाला. आयक्लाउडच्या स्टोरेजच्या पानावर फोटोजमध्ये गेलात की क्लाउडमधूनच सगळं बंद करून पुसण्याची सोय आहे. ते दाबल्यावर ३० दिवसांची मुदत मिळते, त्या काळात निर्णय फिरवता येतो. ३० दिवसांनंतर नाही. मूळ फोटो हातात आल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

आणि एक गंमत, जी सहसा कुणी सांगत नाही. आयक्लाउड फोटोज बंद केलं की तेच फोटो मागच्या दाराने 'आयक्लाउड बॅकअप'मध्ये जाऊ लागतात! कारण सिंक चालू असताना बॅकअप फोटो वगळतो, ते आधीच क्लाउडवर आहेत म्हणून. सिंक बंद झाल्यावर त्याला वाटतं, आता हे आपल्यालाच सांभाळायचं. म्हणून आयक्लाउड बॅकअपमध्ये जाऊन या आयपॅडच्या नावावर टॅप करा आणि यादीतली 'फोटो लायब्ररी' बंद करा. ५ जीबी पुन्हा भरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर इथेच असतं.

दुसरा नळ गुगल फोटोजचा. फोनवरचे फोटो आयपॅडवर दिसतात ते आयपॅडच्या बॅकअपमुळे नव्हे, तर तिथे तुमचं गुगल खातं उघडं आहे म्हणून. आयपॅडवरचा बॅकअप बंद करून दिसणं थांबणार नाही. तिथे मात्र बॅकअपचा स्विच बंद करून अ‍ॅप सरळ काढून टाका. खातं काढण्याच्या फंदात पडू नका, कारण आयपॅडवर एका गुगल अ‍ॅपमधून खातं काढलं की ते जीमेलसकट बाकीच्या गुगल अ‍ॅप्समधूनही निघतं.

सांडशी:
लॅपटॉपचं मी सांगते. घड्याळाजवळच्या निळ्या ढगावर क्लिक, दातेरी चाक, 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिथे 'पिक्चर्स'समोरचा स्विच बंद. 'पॉज सिंकिंग' वापरू नका, ते २, ८ किंवा २४ तासांपुरतं असतं आणि मग आपलं आपण पुन्हा सुरू होतं. त्याच पानावर स्क्रीनशॉट आणि जोडलेल्या उपकरणांतले फोटो आपोआप जतन करण्याचे स्विच आहेत, तेही बंद.

त्याआधी मात्र फाइल खरोखर डिस्कवर आहेत का ते पाहा. फाइलजवळ निळ्या कडांचा ढग असेल तर ती फक्त क्लाउडवर आहे. हिरवी खूण म्हणजे उतरलेली, आणि भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे कायम डिस्कवर ठेवलेली. 'पिक्चर्स'वर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. पूर्ण झालं का हे पाहायला फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' शेजारी शेजारी बघा. ४० जीबीच्या फोल्डरची डिस्कवरची साइज ३ जीबी दिसली तर अजून ३७ जीबी वरच आहे.

बॅकअप थांबवताना फाइल वनड्राइव्हमध्ये ठेवायच्या की फक्त संगणकावर, असं विचारलं तर आधी वनड्राइव्हमध्येच ठेवा. नवं 'पिक्चर्स' रिकामं दिसेल. दचकू नका, जुनं सगळं वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या 'पिक्चर्स'मध्ये आहे. तिथून कॉपी करा, कट नको. कट केलं तर वनड्राइव्हच्या लेखी ते डिलीटच, आणि त्या खात्याला जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरूनही फोटो जातात. वैयक्तिक खात्यात रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतात, पण तिथपर्यंत जायचंच कशाला.

फोनवरही वनड्राइव्ह असेल तर त्या अ‍ॅपमधला 'कॅमेरा बॅकअप' वेगळा बंद करा.

उंबरठा:
फारच उपयोगी, आभार! विमान मोडची चाचणी केली, २०१९चे बरेच फोटो धुरकट राहिले. म्हणजे ते फोनमध्ये नाहीत. मग 'अनडू'च्या आधी टेकआउट (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) करायचं ना? आणि त्यात फोटोंच्या तारखा बिघडतात असं वाचलंय.

तारकाटा:
हो, टेकआउट आधी, 'अनडू' नंतर. गुगल टेकआउटमध्ये आधी सगळ्या खुणा काढा, मग फक्त गुगल फोटोजवर करा. पुढच्या पानावर झिपची साइज विचारतो. मोठा तुकडा मध्येच तुटला की पूर्ण पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून नेट रखडत असेल तर २ जीबी, नाहीतर १० जीबी. लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे मेल आल्यावर चालढकल करू नका.

तारखा खरं तर बिघडत नाहीत. कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख फोटोच्या आतच असते. फोल्डरात दिसते ती फाइलची तारीख, आणि ती टेकआउटच्या दिवसाची असू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये क्रम 'डेट मॉडिफाइड'ने नव्हे, 'डेट टेकन'ने लावा. फोटोंसोबत जेसन नावाच्या छोट्या फाइलींचा ढीग येईल, तो कचरा समजून उडवू नका. गुगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने बदललेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं त्यातच असतात. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तारखा घातल्या असतील तर त्या दुसरीकडे कुठेच नाहीत.

निळी शाई:
सगळं बंद झाल्यावर एक चाचणी. फोनने एक फोटो काढा, वाय-फाय आणि चार्जरवर तासभर ठेवा, मग लॅपटॉपवर ब्राउझरच्या खाजगी खिडकीतून गुगल फोटोज, वनड्राइव्ह, आयक्लाउड तिन्ही उघडून पाहा. आयपॅडने काढलेल्या फोटोचंही तसंच. कुठेतरी दिसलाच तर फोनच्या स्वतःच्या गॅलरी अ‍ॅपच्या सेटिंग्ज बघा, काही फोनांच्या गॅलरीत क्लाउड सिंकचा वेगळा स्विच असतो. ड्रॉपबॉक्स असेल तर 'कॅमेरा अपलोड्स'. व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट बॅकअप यात दिसणार नाही, पण चॅटमधले फोटो तोही वर नेतो, आणि अँड्रॉइडवर त्याच १५ जीबीत.