घाना: पावती नसलेल्या 'किरकोळ' खर्चाचं काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून घानात आहे. तेमा बंदराजवळच्या एका आयात कंपनीत अकाउंट्स बघतो. (नाव देत नाही, समजून घ्या.)

भानगड अशी की क्लिअरिंग एजंटच्या (कस्टम्समधून माल सोडवून देणारा) प्रत्येक बिलात शेवटी एक ओळ असते: 'किरकोळ'. कंटेनरमागे रक्कम ठरलेली, पावती कधीच नाही. मागच्या महिन्यात मागितली तर हसून म्हणाला, "बॉस, डॅशची कुठं पावती असते?" इकडे चिरीमिरीला डॅश म्हणतात. बंदराचा कारभार 2017 पासून पेपरलेस केलाय. ही ओळ आधीपासूनच पेपरलेस! साहेब म्हणतात, इतर खर्चात टाक. पण व्हाउचरवर सही माझी असते. उद्या ऑडिटमध्ये निघालं तर मान माझीच अडकणार.

थोडंफार वाचलं. इथे 2006 पासून जागल्यांना (गैरप्रकार उघड करणारे, व्हिसलब्लोअर) संरक्षण देणारा कायदा आहे. तक्रार कोणाकडे करता येते ती यादी वाचून गंमत वाटली: पोलीस, महालेखापरीक्षक, खासदार आणि चक्क गावचा चीफ, घराण्यातला वडीलधारा! माझे वडीलधारे सांगलीत. त्यांना कळवलं तर "आधी परत ये" एवढंच ऐकायला मिळेल. तक्रारीत शक्यतो स्वतःचं नाव-पत्ता-व्यवसाय द्यायचा, माझं घोडं तिथेच अडलंय. नंतर कोणी छळलं तर मानवी हक्क आयोगाकडे (इथे सगळे 'श्राज' म्हणतात) दाद मागता येते.

शिवाय भ्रष्टाचारासाठी विशेष अभियोक्त्यांचं वेगळं कार्यालय आहे, ओएसपी. पण पहिले अभियोक्ते मार्टिन अमिडू यांनीच 2020 मध्ये हस्तक्षेपाचा आरोप करत राजीनामा दिला. आणि जानेवारी 2019 मध्ये अहमद हुसेन-सुआले या शोधपत्रकाराला अक्रामध्ये गोळ्या घालून मारलं. हे बायकोनं वाचलं आणि माझा लॅपटॉप मिटून ठेवला.

इथले कोणी घानात, नायजेरियात असाल तर सांगा: वर्क परमिट कंपनीच्या नावावर असताना परदेशी माणसाला हे संरक्षण खरोखर मिळतं का? श्राजकडे जावं की ओएसपीकडे? आणि तोवर व्हाउचरवर 'पावती नाही' असा शेरा मारून सही केली तर उद्या माझ्या बाजूने धरतील, की उलट "तुला माहीत होतं" म्हणून मलाच धरतील?

"कशाला पंगा घेतोस" हे घरी रोज ऐकतोय, ते सोडून सांगा. शुक्रवारी आणखी दोन कंटेनर लागतायत.