दिवाळीनंतर दोन गाड्या, चार रात्री: मुक्काम बेळगावात टाकावा की खानापूर बाजूला?

निपाणीवाला
नमस्कार मंडळी. पुण्याहून बहीण, दाजी आणि त्यांची दोन पोरं दिवाळीनंतर येतायत, इकडून आम्ही चौघं आणि आई-बाबा, म्हणजे दहा माणसं, दोन गाड्या. आमच्या पोरांची मोठी सुट्टी कर्नाटकात दसऱ्यालाच उरकते, त्यांची महाराष्ट्रात दिवाळीला, त्यामुळं दोघांचं जुळवता जुळवता चार रात्रीच हाताला लागल्या. मॉल, शॉपिंग असलं काही नको. गाडी काढायची, शिवार, जंगल, जुनी देवळं बघत निवांत हिंडायचं आणि संध्याकाळी एकाच जागी परत यायचं. रोज बॅगा भरणं आईला होत नाही आणि बाबांना गुडघ्यामुळं जिने नकोत.
यादी अशी आहे, गोकाकचा धबधबा, हिडकल डॅम, कित्तूर, हलशी, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, आंबोली, आणि जमलं तर दांडेली. मला वाटतं बेळगावात हायवेला लागून एखादं बरं हॉटेल घ्यावं, सगळ्याच्या मधोमध पडतं. बायको म्हणते शहरातच झोपायचं तर निपाणी काय वाईट आहे. कुणाचं बरोबर?

टिळकवाडीकर
वहिनींचं बरोबर 😄
नकाशात बेळगाव मधोमध दिसतं, खरं गाडीला ते मधोमध नाही. तुमची अर्धी यादी पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला. हायवेच्या हॉटेलातून जांबोटीला निघालात की आधी अख्खं शहर पार करायचं, मग खानापूर रोड, मग पिरनवाडीला उजवीकडं वळून जांबोटीचा रस्ता. सकाळी एकवेळ निघून जाल हो, पण संध्याकाळी दमून परत येताना टिळकवाडीतली गर्दी आणि मागं पोरं भांडतायत, ह्याला सुट्टी म्हणत नाहीत. मी गावातलाच आहे म्हणून सांगतो, बेळगाव कुंदा (इथली खव्याची मिठाई) घ्यायला आणि किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, बघायला चांगलं, हिंडायला रोज तिथून निघू नका.
आणि तारीख बघून घ्या. १ नोव्हेंबर मध्ये येत असेल तर त्या दिवशी गावात शिरायचंच नाही. एकीकडं राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक, दुसरीकडं त्याच दिवशी मराठी लोकांच्या निषेधाच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, चन्नम्मा सर्कलच्या आसपास गाडी घालायची सोय राहत नाही. पुढं डिसेंबरात सरकवायचा विचार असेल तर कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधात (विधानभवनात) भरतं, तेव्हा आमदार, अधिकारी, पोलीस सगळ्यांनी लॉज भरलेले असतात, रूम मिळाली तरी रेट ऐकून परत फिराल.

मलप्रभेकाठचा
खानापूरचा आहे त्यामुळं आमच्या तालुक्याची बाजू घेणारच, तेवढं समजून घ्या.
खानापूर ते जांबोटी ह्या पट्ट्यात होमस्टे बघा. कौलारू घरं, पुढं अंगण, दोन गाड्या आरामात लागतात आणि माणसं मराठी बोलणारी, आईंना स्वयंपाकघरात जाऊन गप्पा मारता येतील. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ, तिथून चोर्ला घाट पुढंच. गोव्यात उतरायची गरज नाही, वर घाटमाथा आहे तिथवर जाऊन परत फिरायचं. वाटेत कळसा-भांडुरा कालव्याचं खोदकाम दिसतं, म्हादईच्या ज्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा एवढी वर्षं कोर्टकचेरी करूलालेत ते हेच.
दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला हलशी. कदंबांची जुनी राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ बघाच, गर्दी अजिबात नसते. मग नंदगड, जिथं १८३१ ला संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, तिथून बिडीवरून कित्तूर. कित्तूरचा वाडा पडका आहे पण म्युझियम आहे, पोरांना राणी चन्नम्माची १८२४ ची लढाई शाळेत असतेच. आणि कित्तूरजवळ देगावचं कमलनारायण देऊळ सोडू नका, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं बांधून घेतलेलं. असलं नक्षीकाम शिवाराच्या मध्ये उभं आहे ह्यावर पुण्याच्या पाहुण्यांचा विश्वास बसणार नाही.
आता बुकिंग करताना फोटो बघून हुरळू नका, फोन लावा आणि मालकाला सरळ विचारा. बाबांना खालच्या मजल्यावर कमोड असलेली खोली आहे का, लाईट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो, गरम पाणी सोलरचं की बंबाचं (दहा माणसांना सोलर पुरत नाही, शेवटचा माणूस गार पाण्यानं न्हातो). रात्रीचं जेवण सकाळीच सांगून ठेवायचं, दहा जणांच्या भाकरी आयत्या वेळी कोण थापणार. जांबोटीच्या पुढं रेंज येते-जाते, म्हणून फोन-पेच्या भरवशावर राहू नका, खिशात रोख ठेवा. आणि शनिवारी रात्री शेजारी पार्टीवाला ग्रुप आहे का हेही विचारा, लाजू नका.
किलोमीटर बघून वेळ काढायचा नाही एवढं लक्षात ठेवा. तुम्ही येणार त्या दिवसात आमच्याकडं भाताची सुगी असते, निम्म्या रस्त्यावर पिंजर (भाताचा पेंढा) नाहीतर नाचणीची कणसं पसरलेली, गाड्यांनी मळून निघावं म्हणून. हळू जायचं, कडेला कोण बसलंय बघायचं. आणि दिवस मावळला की जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर गवे येतात, गवा लाईट बघून हलत नाही. सहाच्या आत घरात.

संकेश्वर_एक्सप्रेस
वरचं सगळं पटलं, पण गोकाक आणि हिडकल ह्यांचं कुणी बोललंच नाही. खानापूरहून गोकाकला जाऊन परत म्हणजे अख्खा दिवस स्टेअरिंगवर, त्यापेक्षा ते जातानाच उरका की. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, हिडकल डॅम, घटप्रभा, गोकाक फॉल्स, असं आडवं जायचं, जेवण गोकाकात, करदंट (तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) बांधून घ्यायचा, आणि मग बेळगाव बाहेरून खानापूर. पहिला दिवस असाही प्रवासाचाच असतो.
धबधब्याबद्दल मात्र पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. उंची १७० फुटाच्या आसपास आहे पण नोव्हेंबरात पाणी हिडकलमधून किती सोडलंय त्यावर असतं, कधी कधी नुसता काळा कडा बघून यावं लागतं. तरी तिथं १८८७ चं वीजघर आहे, जुनी गिरणी आहे, झुलता पूल आहे, दाजी इंजिनिअर वगैरे असतील तर रमतील.
दुसरं म्हणजे ऊस. कारखाने सुरू झालेले असतात, निपाणी ते गोकाक सगळीकडं डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर टेप मात्र फुल्ल आवाजात. अंधार पडल्यावर ह्या बाजूला गाडी चालवणं म्हणजे नशिबाची परीक्षा. घरातून सहाला निघा, आठला नाही.
तसंच आंबोली परतीला घाला. खानापूर, बेळगाव, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड तालुक्यातून आंबोली, मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी. एकच रस्ता दोनदा बघायला लागत नाही.

निपाणीवाला
अरे हे भारी झालं, जाताना पूर्व, येताना आंबोली आणि मध्ये एकच मुक्काम. हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला दाखवलं तर ती म्हणते मी हेच सांगत होते, असो. बाबा म्हणतायत सौंदत्तीला यल्लम्मा राहिली तर घराबाहेर पडून काय उपयोग. आणि दांडेलीचं काय करू? पोरांनी राफ्टिंगचे व्हिडिओ बघून ठेवलेत.

टिळकवाडीकर
सौंदत्ती ह्या ट्रिपमध्ये कोंबू नका, तो निपाणीहून वेगळा दिवस काढा, आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळून. बाबांना डोंगरावरच्या गर्दीत उभं राहणं जमणार नाही. नविलतीर्थचा डॅम जवळच आहे, तोही तेव्हाच बघून होईल.

मलप्रभेकाठचा
दांडेली एका दिवसात होते, लोंढा, रामनगर, गणेशगुडी असं. पण राफ्टिंग काळी नदीत सुपा डॅममधून पाणी सोडतात त्यावर चालतं, म्हणून आधी ऑपरेटरला फोन करून वेळ पक्की करा, आणि पोरांच्या वयाची अट विचारा, तिथं जाऊन नाही म्हटलं की रडारड. राफ्टिंग सकाळचं मिळालं तर दुपारी जेवून परत फिरा, उशिराचं असेल तर जाऊ नका, रात्रीचा रामनगर-लोंढा रस्ता जंगलाचा आहे. मी असतो तर आई-बाबांना त्या दिवशी होमस्टेवरच ठेवलं असतं, एकच गाडी नेली असती. दहाच्या दहा माणसांनी रोज गाडीत बसलंच पाहिजे असा काही नियम नाही.
भीमगडला जायचं डोक्यात असेल तर ते अभयारण्य आहे, २०११ पासून, हवं तसं आत शिरता येत नाही, वनखात्याला विचारल्याशिवाय पोरांना प्रॉमिस करू नका.

निपाणीवाला
ठरलं तर मग. तीन खोल्या खालच्या मजल्यावर असलेला होमस्टे शोधतोय. जांबोटी गावात बघू की खानापूरला स्टेशनच्या बाजूला? दाजींना एक दिवस लॅपटॉप उघडायचाय म्हणे.

मलप्रभेकाठचा
लॅपटॉप असेल तर खानापूर, मेडिकल आणि एटीएम पण तिथंच. जांबोटीला मजा जास्त आहे खरं, पण बाबांचा गुडघा आणि दाजींची मीटिंग दोन्ही जांबोटीला सांभाळणं अवघड. खानापूर-जांबोटी रस्त्यावर गावापासून चार-पाच किलोमीटरच्या आत काही मिळालं तर दोन्ही साधेल. मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा, कॉल लागला तर रेंज आहे हे आपोआप कळलं आणि पायऱ्या किती आहेत तेही दिसतंय.

संकेश्वर_एक्सप्रेस
आणि फास्टॅगमध्ये पैसे टाकून निघा, हायवेला हत्तरगीला टोल आहे, खानापूर रोडला गणेबैलला आहे. दाजींच्या गाडीचा पण बघा, पुण्याची माणसं ऐन वेळी बॅलन्स शोधत बसतात 😛