चित्रामागची हकिगत

छायाचित्रकाराने सातत्याने नवी चित्रे दिली तरच त्याच्या कामाकडे आपले लक्ष टिकते, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. चित्र कसे घडले हे तो किती मोकळेपणाने सांगतो, याला मी अधिक महत्त्व देतो. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्याविषयी ते सांगत की दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवरचे ऊन झपाट्याने ओसरत होते आणि प्रकाशमापक काही केल्या सापडेना, तेव्हा चंद्राची दीप्ती पाठ असल्यामुळे तिच्यावरूनच त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, ठरवले. दुसऱ्या चित्राची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेलेही होते. पुढे छपाईत त्यांनी आकाश अधिकाधिक काळे करीत नेले आणि तेही लपवले नाही. (तारीख मात्र त्यांनी नीट नोंदवली नव्हती, ती नंतर अभ्यासकांना चंद्राच्या स्थानावरून काढावी लागली!) केवळ लेन्सचे आकडे देणाऱ्याकडून हे शिकायला मिळत नाही, म्हणून एखादे फसलेले चित्र कारणासह दाखवणाऱ्याकडे मी आधी वळतो, मग तो महिन्याकाठी एकच चित्र का देईना.