कांद्याची टोपली, दोन तुटक्या कड्या आणि तीन पिसं: हे आहे तरी काय?

सदाशिवातली सून
सासरे ऐंशीच्या दशकात कंपनीच्या कामानिमित्त दोन वर्षं ओसाकाला होते. येताना त्यांनी आणलेली बांबूची टोपली आमच्याकडे कांदे-लसूण ठेवायला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच बघतेय. आतून काळा चकचकीत कागद चिकटवलाय. परवा माळा आवरताना तिच्याबरोबरचं बाकीचं सामान सापडलं: लोखंडाच्या दोन कड्या (दोन्हींना एका जागी फट), लाकडी मुठीच्या दोन लोखंडी काड्या, एकत्र बांधलेली तीन मोठी पिसं, आणि चिनी मातीची बदकाच्या आकाराची इवलीशी डबी. सासूबाई म्हणतात, "चहाचं काहीतरी आहे, निघताना तिथल्या शेजारणीने दिलं." चहाला पिसं कशाला? कड्या तुटक्याच आहेत, भंगारात देऊ का?

कटिंगवाला
खारी ठेवायची टोपली असणार. पिसं माश्या वारायला.

निवृत्त_एरंडवणे
ताई, आधी कांदे काढा, मग पुढचं वाचा.

ती कोळशाची टोपली आहे. जपानीत सुमितोरी. मी नोकरीच्या निमित्ताने क्योतोत होतो, तेव्हा चार वर्षं शनिवारी जपानी चहा-समारंभ शिकायला जायचो. त्यातलं दीड वर्ष नुसते पाय आखडण्यात गेलं, ते सोडा. तिथे पाहुण्यांसमोर बसून शेगडीत कोळसा रचणं हासुद्धा समारंभाचाच भाग. टोपलीत कोळसे ठरलेल्या जागी लावून आणतात. विणीतून भुकटी चटईवर सांडू नये म्हणून आतून तो कागद.

कड्या तुटक्या नाहीत! पाणी तापवायच्या लोखंडी भांड्याला (जपानीत 'कामा') दोन बाजूंना नुसते कान असतात. आपल्या घंगाळाच्या कड्या कायमच्या, इथे उचलण्यापुरत्या अडकवायच्या आणि भांडं खाली ठेवलं की सोडवायच्या. फट नसेल तर घालणार कशा? काड्या म्हणजे कोळसा उचलायचा चिमटा, पण जोडलेला नाही, जेवायच्या काड्यांसारखा धरायचा. पिसांनी शेगडीच्या कडेवरची राख झाडतात. डबीत धूप.

तुमचा संच हिवाळ्याचा दिसतो. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत खोदलेली चौकोनी शेगडी वापरतात, साधारण 42 सेंटिमीटर बाजूची. मे ते ऑक्टोबर जमिनीवर ठेवायची वेगळी. हिवाळ्यात चिमट्याला लाकडी मूठ आणि मातीच्या डबीत मळलेला ओला धूप. उन्हाळ्यात चिमटा सगळा धातूचा, डबी लाकडाची आणि आत चंदनाचे तुकडे. कोळसा कुनुगी नावाच्या ओकचा. आडवा कापला की शेवंतीसारख्या चिरा दिसतात. तो धुऊन, वाळवून मगच वापरतात, म्हणजे तडतडत नाही. हे माहीत असूनही मी इथला दुकानातला कोळसा न धुता पेटवला आणि आईच्या सतरंजीला सात भोकं पाडली. आता विजेची कॉइल वापरतो. तुम्हीही बंद फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नका.

पिसं धुऊ नका, नुसती झटका.

तंबोरा_मिरज
निवृत्तकाका, ही टोपली नेहमी बांबूचीच असते का?

निवृत्त_एरंडवणे
नाही, आणि तुमचं नाव बघून सांगायलाच हवं. नोव्हेंबरात हिवाळ्याची शेगडी उघडतात तेव्हा वाळक्या भोपळ्याची वापरतात, फुकुबे म्हणतात तिला. आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचीच जात. वरचा भाग कापायचा, पोकळ करायचा, आत कोळसा.

तंबोरा_मिरज
आमच्याकडे तडकलेले भोपळे फेकून देतात हो! आजपासून एक बाजूला ठेवतो.

सदाशिवातली सून
काका, कांदे काढले. तळाशी कागदाच्या घडीत खरंच काळी भुकटी निघाली, इतकी वर्षं आम्ही ती लसणाची घाण समजत होतो. डबी उघडली तर आत काळी गोळी, वाळून दगड झालेली, पण नाकाशी धरली की अजून वास येतो. सासूबाईंनी दोनदा हुंगली. मग म्हणाल्या, "हे सगळं खरं, पण कांदे कुठे ठेवायचे?"

कटिंगवाला
बुरूड आळीतून दुरडी आणा. कागद लावून मागू नका, बुरूड वेड्यात काढेल.