जन्माने ज्यू नसलेला माणूस रब्बी होतो तेव्हा

गिरगावकर यांचा प्रश्न:

गेल्या महिन्यात एका बेने इस्रायली (म्हणजे कोकण-मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) सहकाऱ्याबरोबर शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला जाण्याचा योग आला. परदेशातून आलेले एक रब्बी तिथे थोडा वेळ बोलले. ते जन्माने ज्यू नाहीत. तिशी ओलांडल्यावर त्यांनी हा धर्म स्वीकारला आणि पुढे रीतसर अध्ययन करून ते रब्बी झाले. त्यांचे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. देवावर विश्वास बसला म्हणून ते या वाटेला लागले नाहीत. आधी दोन वर्षे ते शनिवार, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळत होते आणि विश्वास मागाहून, तोही चुकतमाकत आला, असे ते म्हणाले. श्रद्धा नसताना आचार पाळणे याला आपल्याकडे दांभिकपणा म्हणतात. मग ज्यू धर्मात याकडे कसे पाहिले जाते? आणि रब्बी म्हणजे पुजारीच ना?

अष्टमीकर यांचे उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रब्बी हा पुजारी नव्हे, तो धर्मशास्त्राचा शिक्षक आहे. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात आणि ती हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारा, चालवतो. मांडवीची आमची पहिली मशीद (जुनी माणसे सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, मशीदच म्हणत) १७९६ सालची आहे, पण मुंबईतल्या बेने इस्रायलींचा बराचसा काळ रब्बीवाचूनच गेला.

धर्म स्वीकारण्याच्या विधीला गियूर म्हणतात. येणाऱ्याला आधी परतवण्याची प्रथा आहे, कारण बायबलमधल्या परधर्मीय विधवा रूथला तिच्या ज्यू सासूनेही परत जा म्हणून पुनःपुन्हा विनवले होते. तरीही जो टिकतो, त्याने शिकायचे, तिघांच्या धर्मसभेपुढे उभे राहायचे, पुरुष असल्यास सुंता करून घ्यायची आणि मिकवेच्या, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडाच्या, पाण्यात पूर्ण बुडी मारायची. त्यानंतर तो अब्राहामाचा पुत्र म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या पूर्वायुष्यावरून त्याला टोचून बोलणे तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाने निषिद्ध मानले आहे.

आता मूळ मुद्दा. सीनाय पर्वतापाशी देवाच्या आज्ञा ऐकून इस्रायली लोकांनी दिलेले उत्तर 'नआसे वेनिश्मा' असे आहे, म्हणजे 'आम्ही करू आणि ऐकू'. करणे आधी येते. माझ्या आजीला हिब्रूचे एक अक्षर वाचता येत नव्हते, पण शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी ती काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर खोबरेल तेल ओतायची, वात लावायची आणि मग चुलीला हात लावायची नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. हिब्रू विसरली, ग्रंथ हातचे गेले, तरी शनिवार, सुंता आणि 'शेमा' ही देव एकच असल्याची प्रार्थना एवढे राहिले. विश्वासाचा कस लावून मग आचार पाळायचा असे त्यांनी ठरवले असते, तर आज मी हे लिहायला नसतो.

तर्कशुद्ध यांचे उत्तर:

आजीविषयी आदर ठेवूनच विचारतो, याला कर्मकांड म्हणू नये तर काय? आपल्याकडच्या सुधारकांनी नेमके याच्याविरुद्ध आयुष्य वेचले. मुंबईच्या ज्यूंमध्येही १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्युईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था निघाली, म्हणजे नुसत्या रूढीने ज्यांचे समाधान होत नव्हते असे लोक तुमच्यातही होते.

अष्टमीकर यांचे उत्तर:

होते आणि आहेत. मी ते नाकारत नाही. पण रूढीत जन्मलेल्याने ती तपासणे वेगळे आणि बाहेरून आलेल्याने ती अंगावर घेऊन पाहणे वेगळे. त्या रब्बींना कोणी शनिवार पाळायला लावला नव्हता, त्यामुळे त्यांच्या बाबतीत दांभिकपणाचा प्रश्न उद्भवत नाही. जाता जाता एक खंत बोलून दाखवतो: पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळूनही इस्रायलमध्ये आमच्या लोकांच्या ज्यूपणावर विवाहाच्या वेळी शंका घेतली गेली आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे तिथल्या सरकारला १९६४ साली जाहीर करावे लागले.

गिरगावकर यांचे उत्तर:

दोघांचेही आभार. एक गोष्ट सांगायची राहिली होती. पहिल्या शनिवारी फोन कपाटात ठेवला तेव्हा दिवसभर आपण फक्त चिडलेलो होतो, असे रब्बींनी हसत सांगितले होते. तेव्हा मला तो विनोद वाटला. सहकाऱ्याने पुन्हा बोलावले आहे. मागच्या वेळी मी प्रार्थनेचे पुस्तक डावीकडून उघडून बसलो होतो आणि शेजारच्या गृहस्थांनी काही न बोलता ते माझ्या हातात उलटे करून दिले.